घसारा, ख्याती आणि दोन मोटारी

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

हिशेबशास्त्राच्या तासाला 'डेप्रिसिएशन' हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मी वहीच्या समासात 'घसारा' असे लिहिले आणि शेजारी बसणाऱ्या माझ्या मित्राने आपल्या वहीत कन्नडमध्ये 'सवकळी' असे लिहिले. दोन्ही शब्दांत झिजणे आहे. वस्तू वापरली की झिजते आणि झिजली की तिची किंमत उतरते, एवढे तत्त्व आम्हा दोघांना पटले. मग सरांनी उदाहरण घातले. एक लाख रुपयांची मोटार आहे, घटत्या शिलकेच्या पद्धतीने दरसाल १५ टक्के घसारा (प्राप्तिकरासाठी साध्या मोटारीला हाच दर धरतात), तर दहा वर्षांनी तिची पुस्तकी किंमत किती? उत्तर आले १९,६८७ रुपये. तास संपला, पण मला चैन पडेना. घरी जाऊन मी गणकयंत्रावर तोच गुणाकार पुढे चालू ठेवला. पन्नासाव्या वर्षाच्या अखेरीस त्या मोटारीची किंमत उरली २९ रुपये ५८ पैसे. आमच्याकडे सायकलचे पंक्चरसुद्धा त्याहून स्वस्तात काढत नाहीत.

आता दुसरी बाजू. १९६१ साली इंग्लंडमध्ये जॅग्वार कंपनीची 'ई-टाइप' ही उघड्या टपाची मोटार करासहित सुमारे २,०९७ पौंडांना मिळत असे. साठ वर्षे उलटून गेल्यावर त्याच पहिल्या मालिकेतील चांगल्या स्थितीतील गाडीला एक लाख पौंडांहून अधिक किंमत येते. म्हणजे आमचे कोष्टक तरी चुकले किंवा त्या मोटारीने तरी झिजण्याचे नाकारले. या कोड्यापायी मी जॅग्वार ई-टाइप आणि जर्मनीची पोर्शे ९११ या दोन मोटारींचा जमेल तेवढा अभ्यास केला. दोनच का, तर संग्राहक मंडळींत या दोघींवरून नेहमी वाद होतो आणि दोघींच्या किमतीमागची कारणे मात्र अगदी वेगळी आहेत. दोन्ही गाड्या मी प्रत्यक्ष चालवलेल्या नाहीत, हे आधीच कबूल करतो. चालवली आहे ती फक्त आजोबांची फियाट, आणि तीही बरीचशी ढकलून. तिचा या लेखाशी संबंध आहे. तो पुढे येईल.

ई-टाइपपासून सुरुवात करू. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कंपनीचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांनी ती तेथील एका उद्यानात पत्रकारांना दाखवली. बसून फेरी मारायला इतकी झुंबड उडाली की, एक गाडी पुरेना. तेव्हा कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्युइस यांना कॉव्हेन्ट्रीला निरोप गेला आणि त्यांनी दुसरी गाडी रातोरात समुद्र ओलांडून, फ्रान्स पार करून सकाळी जिनिव्हात उभी केली. ही हकीकत मोटारीच्या प्रत्येक चाहत्याला पाठ असते. मला तिच्यात जाहिरातीपेक्षा दुसरेच दिसते: कंपनीकडे दाखवायला तयार गाड्याच जेमतेम दोन होत्या!

तिचा आकार माल्कम सेयर यांनी ठरवला. सेयर हे पूर्वी ब्रिस्टल विमान कंपनीत काम केलेले, हवेच्या विरोधाचा अभ्यास असलेले गृहस्थ. त्यांनी वळणे हाताला सुचतील तशी काढली नाहीत, तर गणिती आकडेमोड करून एकेका बिंदूची जागा काढली. त्याआधी त्यांच्याच आराखड्याच्या डी-टाइप शर्यती गाडीने फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत १९५५, १९५६ आणि १९५७ अशी तीन वर्षे ओळीने जिंकली होती. ई-टाइप ही त्या शर्यती गाडीची रस्त्यावरची बहीण. मधला भाग पत्र्याच्या सलग पेटीसारखा, आणि पुढे इंजिन धरायला चौकोनी नळ्यांचा सांगाडा. बॉनेट म्हणाल तर मडगार्डांसकट अख्खा पुढचा भाग एकाच तुकड्यात उचलला जातो. १९९६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने एक निळी ई-टाइप आपल्या कायम संग्रहात घेतली. चित्रे आणि शिल्पे यांच्या शेजारी मोटार, हा मान फार थोड्या गाड्यांना मिळालेला आहे.

इंजिनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या बेळगावच्या वाचकांत फौंड्रीशी नाते असलेली घरे पुष्कळ आहेत. जॅग्वारचे 'एक्सके' इंजिन म्हणजे एका ओळीत सहा सिलिंडर, ठोकळा बिडाचा, वरचे हेड अॅल्युमिनियमचे आणि त्यावर दोन कॅमशाफ्ट. महायुद्धाच्या काळात कारखान्याच्या छपरावर आगीचा पहारा करीत जागवलेल्या रात्रींत कंपनीच्या अभियंत्यांनी त्याची चर्चा केली, १९४८ साली ते बाजारात आले आणि थेट १९९२ पर्यंत बनत राहिले. स्कॉर्पिअन नावाच्या हलक्या ब्रिटिश रणगाड्यातसुद्धा याच इंजिनाचा एक प्रकार बसवला होता. ई-टाइपमध्ये ते प्रथम ३.८ लिटरचे, तीन कार्बोरेटरांचे, कंपनीच्या दाव्याप्रमाणे २६५ अश्वशक्तीचे होते. १९६४ पासून ४.२ लिटर झाले, आणि १९७१ पासून तिसऱ्या मालिकेत ५.३ लिटरचे बारा सिलिंडरांचे इंजिन आले.

'ताशी १५० मैल' ही ई-टाइपची ख्याती. मासिकांनी चाचणीत हा वेग जवळजवळ गाठलाही. परंतु त्या चाचणीच्या गाड्या कंपनीने मुद्दाम तयार करून दिलेल्या होत्या. गिऱ्हाइकाला दुकानातून मिळणारी गाडी साधारण १४० च्या आसपास थकत असे. आमच्या विषयात याला ताळेबंदाची सजावट म्हणतात. वर्षअखेरीस रोख शिल्लक जास्त दिसावी म्हणून देणी चार दिवस पुढे ढकलायची, त्यातलाच हा प्रकार. पण तरी माझे मत असे की, त्या किमतीत १४० मैल हेसुद्धा अजबच होते. अॅस्टन मार्टिनच्या जवळपास निम्म्या पैशात, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देणारी गाडी दुसऱ्या कोणी दिली नव्हती. खर्चावर लायन्स यांची किती बारीक नजर असेल, याचा परिव्यय लेखांकनाच्या विद्यार्थ्याने विचार करावा.

आता पोर्शे. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती '९०१' या नावाने उभी राहिली. फ्रान्सच्या प्युजो कंपनीने हरकत घेतली की, मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आम्ही वापरतो. पोर्शेने मधल्या शून्याच्या जागी एक घातला आणि १९६४ च्या अखेरीस ९११ हे नाव कायम झाले. तोवर ८२ गाड्या ९०१ म्हणून बनून झाल्या होत्या. एका आकड्याने किमतीत किती फरक पडावा, तर २०१४ साली जर्मनीत एका जुन्या कोठारात गंजून सांगाडा झालेली सत्तावन्न क्रमांकाची ९०१ सापडली. पुढची मडगार्डेसुद्धा जागेवर नव्हती. पोर्शेच्या संग्रहालयाने ती विकत घेतली, त्याच काळातल्या दुसऱ्या गाडीचे पत्रे काढून तिला लावले, तीन वर्षे खपून उभी केली आणि डिसेंबर २०१७ पासून ती प्रदर्शनात मांडली.

९११ ची रचना म्हणजे ई-टाइपची उलटी बाजू. तिचा आराखडा फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांचा. इंजिन मागे, तेही मागच्या आसाच्या पलीकडे टांगलेले. सहा सिलिंडर तीन-तीन करून समोरासमोर आडवे झोपवलेले, पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, दोन लिटरचे आणि १३० अश्वशक्तीचे. आकड्यांत पाहिले तर ई-टाइपच्या निम्मे. पण गाडी साधारण १,०८० किलोची, आखूड, चटपटीत. आत पाच गोल घड्याळे आणि मधोमध सर्वांत मोठे, ते वेगाचे नसून इंजिनाच्या फेऱ्यांचे. यावरूनच गाडी कोणासाठी केली ते कळते. मागे दोन चिमुकली आसने, त्यांवर मुले बसतील किंवा बाजारहाटाच्या पिशव्या.

मागे वजन टांगल्याचा परिणाम आपल्याकडच्या माणसाला समजावायला पुस्तक नको. उसाच्या गाडीत मागच्या बाजूला माल जास्त चढला तर गाडी उलाळ होते, पुढची बाजू हलकी पडते आणि बैलांच्या मानेवर जू ठरत नाही. ९११ चे तसेच. वळणात वेगाने शिरल्यावर घाबरून पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की, भार पुढे सरकतो, मागच्या टायरांची पकड सुटते आणि इंजिनाचे ओझे मागची बाजू बाहेर फेकते. सुरुवातीच्या काही गाड्यांत यावर केलेला उपाय वाचून मी मोठ्याने हसलो: पुढच्या बंपरच्या आत बिडाची वजने घातली! पुढे १९६९ सालच्या गाड्यांपासून मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवली, तेव्हा रोग बराच आटोक्यात आला. आणि गंमत अशी की, हाच दोष हाताळायला शिकलेल्यांनी त्याचा उपयोग केला. बर्फातल्या मोन्टे कार्लो रॅलीत मागच्या चाकांवर भार असणे फायद्याचेच. ९११ ने ती १९६८, १९६९ आणि १९७० अशी तीन वर्षे जिंकली.

१९७२ सालच्या गाड्यांची एक लहानशी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या वर्षी तेलाची टाकी आसांच्या मधे घेतली आणि तेल भरण्याचे झाकण बाहेरून, उजव्या बाजूला मागच्या चाकाच्या पुढे दिले. पेट्रोलपंपावरचा पोऱ्या ते उघडून सरळ त्यात पेट्रोल ओतू लागला. एका वर्षात ते झाकण रद्द झाले. आज संग्राहक नेमके तेच झाकण शोधत असतात. चूक थोड्या गाड्यांत झाली म्हणून दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणून मौल्यवान. मागणी-पुरवठ्याच्या पाठ्यपुस्तकात हे उदाहरण का नाही कोण जाणे.

पुरवठ्याकडेच वळू. ई-टाइप १९६१ ते १९७४ या काळात बनली, सर्व मालिका मिळून ७२ हजारांहून थोड्या अधिक, आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. खाते बंद झाले. पुढे भर पडणार नाही, अपघात आणि गंज यांनी फक्त वजाबाकी होणार. ९११ चे खाते मात्र अजून चालूच आहे. मे २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ कारखान्यातून बाहेर पडली. सामान्य नियमाने पाहता एवढ्या पुरवठ्याने जुन्या ९११ ला कोणी विचारू नये. तसे झाले नाही, आणि याचे कारण माझ्या मते ताळेबंदातल्या 'ख्याती' या सदरात आहे. नवी ९११ विकण्यासाठी कंपनी जेवढी जाहिरात करते तेवढी ती नकळत जुन्या ९११ चीही करीत असते. चाळीस वर्षांच्या माणसाने लहानपणी जी गाडी भिंतीवर चिकटवली तिचीच धाकटी बहीण त्याला आजही दुकानात दिसते. ई-टाइपमागे असा चालता प्रवाह नाही. ती एकट्या रूपावर उभी आहे.

ही ख्याती एकदा बुडता बुडता वाचली. १९७७ साली पोर्शेने ९२८ नावाची मोठी, पुढे इंजिन असलेली, पाण्याने थंड होणारी गाडी काढली, आणि ९११ हळूहळू बंद करण्याचा बेत होता. १९८१ मध्ये पीटर शुट्झ हे नवे प्रमुख आले. अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख हेल्मुट बॉट यांच्या खोलीतल्या तक्त्यावर ९११ ची रेघ मधेच थांबलेली त्यांना दिसली. त्यांनी पेन घेऊन ती तक्त्याच्या कडेपर्यंत आणि तिथून पुढे भिंतीवर ओढली, असे ते स्वतः सांगत असत. आमच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात निर्णयप्रक्रियेच्या सात पायऱ्या आहेत. या निर्णयात त्यांतल्या किती झाल्या ते मी मोजले नाही.

ज्याला विकत घ्यायची आहे त्याने मात्र रूप आणि ख्याती बाजूला ठेवून पत्रा पाहावा. दोन्ही गाड्यांचा वैरी एकच, गंज. ई-टाइपमध्ये दारांखालचे पोकळ पट्टे आणि खालचा तळ हेच गाडीची ताकद आहेत. ते कुजले तर गाडी मधोमध वाकू लागते, आणि अडाण्याने आधार न देता वेल्डिंग केले तर नंतर दारेच लागत नाहीत. म्हणून जाणकार आधी दाराच्या फटी पाहतात. वरपासून खालपर्यंत फट सारखी नसेल तर रंग कितीही चकचकीत असो, पुढे बोलणे नको. मागचे डिस्क ब्रेक चाकांजवळ नसून आत डिफरन्शिअलला चिकटून आहेत. त्यांचे काम निघाले की, बहुधा सगळा मागचा सांगाडा खाली उतरवावा लागतो. गर्दीत इंजिन तापते. ३.८ च्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर चालत्या गाडीत सहज पडत नाही, ४.२ मध्ये ते सुधारले, म्हणून चालवायला घेणाऱ्याने ४.२ घ्यावी आणि ठेवायला घेणाऱ्याने पहिल्या पाचएकशे गाड्यांपैकी, बॉनेटचे कुलूप बाहेरून असलेली घ्यावी, असा प्रघात आहे. सर्वांत स्वस्त ती तिसऱ्या मालिकेतील चार आसनांची, कारण आसनांसाठी लांबी वाढवली आणि सेयरची रेघ बिघडली.

पोर्शेच्या बाबतीत १९७६ सालच्या मॉडेलपासून सगळा सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा आहे. त्याआधीच्या गाडीला पुढच्या बॅटरीखालचा भाग, पेट्रोलच्या टाकीभोवतीचा पत्रा आणि दाराखालचे पट्टे टोकरून पाहावेत. १९६८ ते १९७७ या काळात वजन वाचवायला इंजिनाचा खालचा ठोकळा मॅग्नेशियमचा केला होता. २.७ लिटरच्या इंजिनांत तापून तापून हेडचे बोल्ट त्या नरम धातूतून उपटून येतात. कंपनी पुन्हा अॅल्युमिनियमकडे वळली हाच तिचा कबुलीजबाब समजावा. तेल मोजायचे तर इंजिन गरम, चालू आणि गाडी सपाटीवर हवी. थंड इंजिनात काडी बुडवून तेल कमी दिसले म्हणून ओतणारा फसलाच. फार महाग ती १९७३ ची 'करेरा आरएस २.७', मागे बदकाच्या शेपटीसारखी कड असलेली, २१० अश्वशक्तीची. शर्यतीच्या नियमांसाठी ५०० विकायच्या होत्या आणि त्या खपतील का याची कंपनीलाच धास्ती होती. शेवटी १,५८० गेल्या.

पत्र्यानंतर कागद. चासीवर, इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर कोरलेले आकडे कारखान्याच्या नोंदीशी जुळले तर किंमत एक, न जुळले तर दुसरी. जॅग्वारचा वारसा न्यास जुन्या नोंदवह्या पाहून तसा दाखला देतो. पोर्शेकडे प्रत्येक गाडीचे कार्डेक्स नावाचे पत्रक असे, अगदी आपल्या गोदामातल्या मालाच्या कार्डासारखे, त्यावर गिऱ्हाइकाने मागितलेला रंग आणि जादा सामानसुद्धा. पण मूळ म्हणजे तरी काय? ई-टाइपचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आज नवा मिळतो. साठच्या दशकात शर्यतीसाठी १८ हलक्या ई-टाइप करायच्या ठरल्या होत्या, झाल्या १२. २०१४ साली जॅग्वारने जाहीर केले की, उरलेले सहा चासी क्रमांक वापरून आम्ही त्या गाड्या आता बनवतो. मूळ बारांपैकी एक २०१७ च्या लिलावात ७३ लाख डॉलरांच्या वर गेली. नव्या सहांना 'मूळ' म्हणायचे की नाही यावर तज्ज्ञांचे एकमत होणे कठीण. आजीच्या गोधडीला दरवर्षी एक नवे ठिगळ लागते आणि तरी ती आजीचीच गोधडी राहते, असे एक मत. मधली जुनी साडीच गेली तर गोधडी कोणाची, असे दुसरे. येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते: २००८ साली टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर सुमारे २३० कोटी डॉलरांना घेतली. तेव्हा त्या सहा गाड्या ज्या कंपनीने घडवल्या तिची मालकी मुंबईत होती.

गुंतवणूक म्हणून विचार करणाऱ्यांसाठी एक साधे गणित. समजा, कोणी ५० लाखांची जुनी मोटार घेतली. तेच पैसे ७ टक्के चक्रवाढीने ठेवले असते तर दहा वर्षांनी ९८ लाखांच्या वर झाले असते. शिवाय विमा, जागा आणि देखभाल यांवर वर्षाला एक लाखच धरला, तरी व्याजासह त्याचे १४ लाखांच्या जवळ होतात. म्हणजे दहा वर्षांनी मोटार १ कोटी १२ लाखांना विकली तर मालक जेथून निघाला तेथेच उभा! इंग्लंडच्या करखात्याने मोटारीला 'झिजती मालमत्ता' ठरवून भांडवली नफ्याच्या करातून वगळले आहे, ते मला या गणितानंतर विनोदी वाटेनासे झाले.

हा सगळा अभ्यास मी का केला, ते आता सांगतो. आजोबांची फियाट अकराशे आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षे उभी होती. गेल्या वर्षी भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. बाबा तयार होते, कारण बहिणीची फी भरायची होती. आजी काही बोलली नाही, पण त्या दिवशी जेवलीही नाही. मामांचे गॅरेज आहे. त्यांचे म्हणणे, लाल रंग मारू, नवी सीटकव्हरे घालू, लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊ. मी मधे पडलो. रंग मारू नका, आहे तो पुसून ठेवा. मूळ रंग, मूळ इंजिन असलेल्या गाडीलाच पुढे किंमत असते, असे मी ई-टाइपचे आणि ९११ चे दाखले देऊन सर्वांना पटवले. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची वेगळी नोंदणी करण्याचे नियम सरकारने २०२१ साली केले आहेत, तेही वाचून दाखवले. बाबांनी सहा महिन्यांची मुदत दिली. बहिणीची फी मामांनी भरली, परत घेण्याच्या बोलीवर.

मग एका रविवारी मामा आणि मी आरसी बुक घेऊन शेडमध्ये गेलो. चासीचा आकडा जुळला. इंजिनावरची काजळी रॉकेलने पुसून, खडू घासून आकडा वाचला. तो वेगळाच होता. मी तीन वेळा वाचला.

मामा म्हणाले, "बघतोस काय? इंजिन बदललंय की रे. तुझ्या आज्जानंच बदललं. कित्तूरजवळ जाम झालतं, तेव्हा. दुसऱ्या फियाटचं आणून बसवलं, मी तवा हेल्पर होतो."

"मग जुना ब्लॉक कुठं आहे?"

मामांनी खडूने भरलेला हात उद्यमबागेच्या दिशेने केला. "फौंड्रीत दिला. वितळून पंपाची केसिंगं झाली असतील त्याची. कुणाच्या तरी शेतात पाणी ओढत असतील अजून."

माझा मोठाच मुद्दा निकालात निघाला होता. मी ते घरी तसेच सांगितले. लपवले असते तर तीही ताळेबंदाची सजावटच झाली असती. बाबा हसले आणि मुदतीचे अजून दोन महिने उरले आहेत एवढेच म्हणाले. आजीने मात्र विचारले, "कित्तूरजवळ बंद पडली ती ना? त्या रात्री आम्ही गाडीतच झोपलो होतो."

आता वाचकांचे मत विचाराल तर दोन मोटारींतून मी कोणती निवडीन? पैसे असते तर पाहायला ई-टाइप आणि चालवायला १९७८ नंतरची, अॅल्युमिनियमच्या ठोकळ्याची ९११. कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या त्या 'सवकळी'वाल्या मित्राचे मत उलटे आहे. तो म्हणतो, जी पाहावीशी वाटते तीच चालवावी, नाहीतर घेतली कशाला. मागच्या रविवारी त्यालाच फियाट ढकलायला बोलावले होते. आम्ही तिघांनी गल्लीच्या उताराला लावली. दुसऱ्या गिअरमध्ये मामांनी क्लच सोडला, एक ठोका बसला, दुसरा बसला, आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत काळा धूर सोडत ती चालली.